सॅक्सोफोन आणि आपला टोन: सुधारायचं किती, स्वीकारायचं किती?

सुषिरा

नमस्कार मंडळी,

इथे बासरी, हार्मोनियम, गिटार यांच्यावर भरपूर धागे आहेत. सॅक्सोफोनवर शोधूनही मिळाला नाही, म्हणून हा काढते आहे. सॅक्स वाजवणारे इथे मोजकेच असतील, पण गाणाऱ्यांनी आणि बाकीच्या वादकांनीही जरूर लिहावं. दुखणं सगळ्यांचं एकच आहे.

दुखणं असं की आपण वाजवतो तो आवाज आपल्यालाच आवडत नाही. सूर जागेवर असतात, लय हलत नाही, बोटं नीट फिरतात, आणि तरी रेकॉर्डिंग ऐकलं की वाटतं, हे मी वाजवलं? इतकं पातळ? इतकं नाकात? डोक्यात एक आवाज कायमचा बसलेला असतो. कुणाच्या डोक्यात मनोहारी सिंग, कुणाच्या पॉल डेझमंड, कुणाच्या कद्री गोपालनाथ. बेलमधून, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडातून, बाहेर पडतो तो मात्र यांच्यापैकी कुणाचाच नसतो.

मग खरेदी सुरू होते. वाद्याबरोबर आलेला यामाहाचा फोर-सी माऊथपीस काढून मेयर, मेयर काढून व्हँडोरेन, मग कुणीतरी सांगितलं म्हणून धातूचा. रीड, म्हणजे माऊथपीसवरची कंप पावणारी पातळ पट्टी, अडीच नंबरची तीन होते, तीनची परत अडीच. रीड आवळून धरणारं लिगेचर बदललं जातं. प्रत्येक वेळी सुरुवातीला वाटतं की सापडलं एकदाचं. मग ओठ आणि घसा त्या नव्या माऊथपीसला सरावतात आणि ओळखीचा आवाज हळूहळू परत येतो. माऊथपीसने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. फरक पडतो, आणि चुकीचा माऊथपीस छळतोही. पण ज्या गोष्टीला आपण 'माझा टोन' म्हणतो तिचा मोठा भाग तोंडाच्या पोकळीत, जिभेच्या ठेवणीत, घशात आणि श्वासात असतो. तो दुकानात बदलून मिळत नाही.

याचं मला पटलेलं सर्वांत ठसठशीत उदाहरण जॅझवादक चार्ली पार्करचं. मे १९५३ मध्ये टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये तो ग्राफ्टनचा प्लॅस्टिकचा आल्टो (टेनरपेक्षा लहान, चढ्या आवाजाचा सॅक्स) वाजवत होता. पितळेचा नव्हे, पांढरट प्लॅस्टिकचा. त्या मैफलीचं रेकॉर्डिंग उपलब्ध आहे. ऐकून बघा, वाद्य कशाचं आहे हे मनातही येत नाही. पहिल्या एकदोन फ्रेजमध्ये माणूस ओळखू येतो.

आता माझा मुद्दा. आपल्या टोनमध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, दोष आणि स्वभाव. दोष काढायचा आणि स्वभाव जपायचा, हे बोलायला सोपं आहे. अडचण अशी की वाजवणाऱ्याच्या कानाला दोन्ही सारखेच नकोसे वाटतात. माझ्याच आल्टोचं सांगते. खालचे सूर फुटायचे आणि मधल्या सप्तकात हलकी हवा ऐकू यायची. मी दोन्हींना एकच रोग समजत होते. दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने खोलीत अंधार करून वाद्याच्या आत बारीक दिव्यांची पट्टी सोडली, एकेक की हलक्या हाताने मिटत आणली, आणि खालच्या सी शार्पच्या पॅडच्या, म्हणजे छिद्र झाकणाऱ्या गादीच्या, एका बाजूने उजेडाची नखाएवढी रेघ दिसली. पॅड बदललं, खालचे सूर हळू फुंकूनही सरळ निघायला लागले. मधल्या सप्तकातली हवा मात्र आहे तिथेच राहिली. ती गळती नव्हती. मी तशीच फुंकते.

तर प्रश्न हा, की हे ओळखायचं कसं? तुम्ही कसं ओळखता?

ध्वनिलहरी

चांगला विषय. 'हे मी वाजवलं?' या धक्क्याबद्दल थोडं लिहितो, कारण त्यामागे मनाचे खेळ कमी आणि शरीररचना जास्त आहे.

सॅक्स वाजवताना वरचे दात माऊथपीसवर टेकलेले असतात. रीडची कंपनं माऊथपीसमधून दातांत, दातांतून कवटीच्या हाडांत आणि तिथून थेट आतल्या कानात जातात. म्हणजे वाजवणाऱ्याला दोन आवाज एकदम ऐकू येतात, एक हवेतून आलेला आणि एक हाडातून आलेला. हाडातला भरदार लागतो. समोरच्या श्रोत्याला तो कधीच ऐकू येत नाही आणि मायक्रोफोनलाही नाही. त्यामुळे रेकॉर्डिंगमधला आवाज पातळ वाटणं हे अपेक्षितच आहे. स्वतःचं बोलणं ध्वनिमुद्रित ऐकताना जे होतं तेच, फक्त इथे दातांमुळे जास्त. माऊथपीसवर रबराची पातळ चकती चिकटवून बघा, हाडातला आवाज दबतो आणि आपल्याला आपला टोन थोडा बाहेरून ऐकू येतो.

दुसरी गोष्ट दिशेची. सॅक्सचा सगळा आवाज बेलमधून येतो असं लोक धरून चालतात. तसा तो फक्त अगदी खालच्या सुरांना येतो. एरवी जी पहिली उघडी छिद्रं असतील तिथून बराचसा बाहेर पडतो, आणि सुरातच मिसळलेले वरचे, चकचकीत सूर (हार्मोनिक्स) पुढे बेलपर्यंत जातात आणि समोरच्या दिशेला फेकले जातात. वाजवणारा मागे उभा. त्याला ते कमीच पोचतात. भिंतीपासून हातभर अंतरावर भिंतीकडे तोंड करून वाजवलं की परतून आलेला आवाज एकदम उजळ लागतो, तो यामुळे.

घशाबद्दल सुषिराताईंनी लिहिलंय ते बरोबर आहे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली वादकांच्या तोंडातले अनुनाद वाजवता वाजवता मोजून दाखवले. वाद्याच्या नेहमीच्या पट्टीच्या वरचे अतितार सूर काढताना मुरलेले वादक तोंडाची पोकळी त्या सुराच्या आसपास जुळवून घेत होते. नवख्यांना ते जमत नव्हतं आणि ते सूरही निघत नव्हते.

एक विनंती. फोन म्युझिक स्टँडवर ठेवून केलेल्या रेकॉर्डिंगवरून स्वतःला फाशी देऊ नका. फोन जवळ असला की कीजचा खडखडाट, श्वास, थुंकीचा आवाज सगळं येतं, वर फोन स्वतःहून आवाज दाबतो आणि चढवतो. फोन दोनतीन मीटर लांब, छातीच्या उंचीवर ठेवा. श्रोता तितक्या लांबच बसतो.

गोष्टीवेल्हाळ

वाचतोय. ध्वनिलहरी, उत्तम प्रतिसाद.

या विषयावर अमेरिकन जॅझवादक लेस्टर यंगची गोष्ट आली नाही तर धागा अपुरा राहील. १९३४ साल. टेनर सॅक्सोफोन म्हणजे कोलमन हॉकिन्स, हे समीकरण पक्कं झालेलं होतं. भारदस्त, रुंद, जाड व्हायब्रेटोचा (सुराच्या थरथरीचा) आवाज. हॉकिन्स युरोपला निघून गेला आणि न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये त्याची खुर्ची रिकामी झाली. तिथे आला लेस्टर यंग. त्याचा आवाज हलका, सरळ, जवळजवळ व्हायब्रेटो नसलेला. तो फ्रँकी ट्रंबावरच्या सी-मेलडी सॅक्सवर (आल्टो आणि टेनरच्या मधला प्रकार) पोसलेला होता, हॉकिन्सवर नव्हे.

बँडमधल्यांना तो रुचला नाही. टेनरच्या खुर्चीत बसून हा आल्टोसारखा काय वाजतो, ही तक्रार. हेंडरसनची बायको लिओरा लेस्टरला सकाळी उठवून हॉकिन्सच्या रेकॉर्डी ऐकवायची, असं वाजव म्हणून. ती वाईट बाई नव्हती. बँड चालायला हवा होता, श्रोत्यांना ओळखीचा आवाज हवा होता. लेस्टरने ऐकून घेतलं आणि आपलं वाजवणं बदललं नाही. काही महिन्यांतच तो तिथून बाहेर पडला. जाताना त्याने हेंडरसनकडून चिठ्ठी मागून घेतली की मला काढून टाकलेलं नाही. मला या गोष्टीत ती चिठ्ठी फार महत्त्वाची वाटते. त्याला आपल्या आवाजाची खात्री होती आणि पोटाचीही काळजी होती. दोन्ही एकदम असू शकतं.

पुढे काउंट बेसीच्या बँडमध्ये त्याच्याबरोबर टेनरवर हर्शेल इव्हान्स होता, हॉकिन्सच्या वळणाचा, जाड आवाजाचा. बेसीने दोघांना आलटूनपालटून सोलो दिले. दोन टेनर, एकमेकांना न मिळणारे, आणि तीच त्या बँडची शान ठरली. आणखी काही वर्षांनी स्टॅन गेट्झ, झूट सिम्स, अल कोहन, एक अख्खी पिढी लेस्टरच्या हलक्या आवाजामागे गेली. जो आवाज सुधार म्हणून सांगितलं होतं तो.

स्पष्टवक्ता_नाशिक

सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो.

लेस्टर यंगची गोष्ट मलाही प्रिय आहे. पण ती ऐकून वर्षभर सॅक्स धरलेला माणूस 'माझा टोन असाच आहे' म्हणायला लागला की मला वाईट वाटतं. मी शिकवतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पातळ टोन हा त्यांचा स्वभाव नसतो, ते खालच्या ओठाने रीड चावत असतात. साधी तपासणी सांगतो. माऊथपीस वाद्यावरून काढा आणि नुसता फुंका. आल्टोचा असेल तर पियानोवरच्या ए च्या आसपास सूर यायला हवा. त्याच्या बराच वर जात असेल तर तुम्ही चावताय, आणि वाद्यावर चढवल्यावर तो टोन चिमटलेलाच येणार. त्याला स्वभाव म्हणून मखरात बसवू नका.

दुसरं, ओव्हरटोन, म्हणजे एकाच बोटांच्या ठेवणीत दडलेले वरचे सूर. खालचा बी फ्लॅट धरा. बोटं अजिबात न हलवता फक्त घसा आणि जीभ बदलून वरचा बी फ्लॅट काढा, मग त्याच्या वरचा एफ, मग त्याच्याही वरचा बी फ्लॅट. हे जमायला महिने जातात. पण ज्याला हे जमतं त्याच्या हातात टोन येतो.

आणि मूळ प्रश्नाचं माझं उत्तर. दोष की स्वभाव ओळखायची एकच कसोटी मी मानतो. ती गोष्ट तुम्हाला बंद करता येते का? सुषिराताई, मधल्या सप्तकातली हवा तुम्ही ठरवून पूर्ण काढू शकता का, आणि ठरवून परत आणू शकता का? दोन्ही जमत असेल तर ती तुमची निवड आहे, खुशाल ठेवा. काढताच येत नसेल तर ती तुमच्या मालकीची नाही, तुम्ही तिच्या मालकीचे आहात.

सुषिरा

@स्पष्टवक्ता, तुमचा प्रतिसाद वाचून आल्टो काढला आणि करून बघितलं. मधल्या जी वर लांब सूर धरला, जबडा थोडा खाली, जीभ थोडी वर, हवेचा वेग वाढवला. हवा गेली. स्वच्छ, काहीसा कडक सूर आला. तो पाच मिनिटं वाजवला आणि मग सोडून दिला, कारण मला तो नकोय. मला सुरात शिरताना आधी थोडा श्वास ऐकू आलेला आवडतो. यमन वाजवताना निषादावर येते तेव्हा तो श्वास मला हवाच असतो.

कसोटी पटली. स्वीकारण्याआधी दुसरा पर्याय हातात हवा, हे मला आधी इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं.

पण 'मखरात बसवू नका' याच्याबरोबर एक भीतीही नोंदवते. शिकवणाऱ्यांच्या कानात एक आदर्श टोन बसलेला असतो आणि त्याच्याहून वेगळं सगळं त्यांना दोष म्हणूनच ऐकू येतं. लिओराबाईंनाही तसंच ऐकू येत असणार.

स्पष्टवक्ता_नाशिक

मान्य. म्हणून मी विद्यार्थ्यांना माझा टोन ऐकवतो पण उतरवायला देत नाही. उतरवायला एकमेकांशी न जुळणारे तीन वादक देतो. तिघांसारखं वाजवायचा प्रयत्न केला की आपोआप कळतं, आपलं कुठे अडतं आणि आपल्याला काय सहज येतं.

मडगावकर

उशिरा आलो, पण लिहितो. तुम्ही सगळे सोलोचं बोलताय. आमची पिढी सेक्शनमध्ये, म्हणजे एकत्र वाजवणाऱ्या वादकांच्या गटात, वाढली.

आमच्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळा होत्या. पोरांना लहानपणीच सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) आणि नोटेशन वाचायला शिकवायचे, व्हायोलिन हातात द्यायचे, पुढे कुणी ट्रम्पेटला जायचा, कुणी सॅक्सला. वाचता येत होतं म्हणून आमचे लोक मुंबईला हॉटेलांच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या स्टुडिओत टिकले. आता सॅक्स सेक्शनमध्ये पहिला नियम असा की पहिल्या आल्टोवाल्याच्या मागे जायचं. तो व्हायब्रेटो देईल तेवढा तुम्ही द्यायचा, तो सूर जिथे तोडेल तिथे तुम्ही तोडायचा. तुमचा स्वतःचा आवाज तिथे कुणी विचारत नाही. वर्षानुवर्षं असं वाजवलं की माणसाला दुसऱ्याच्या आवाजात विरघळायची कला येते. ही काही कमीपणाची गोष्ट नाही. तिच्यामुळे कान तयार होतो.

पण त्याच सेक्शनमधून ब्राझ गोन्साल्विससारखा माणूस उभा राहतो. गोव्याचाच. जॅझ वाजवता वाजवता रागांकडे वळला. तो लपायला शिकला होता म्हणून तर त्याला बाहेर येता आलं, असं मी समजतो.

आणि मनोहारी सिंगांचं नाव वर आलंय म्हणून. ते बाटा कंपनीच्या बँडमधून, मग कोलकात्याच्या ऑर्केस्ट्रातून मुंबईत आले. बँडचा माणूस, मेटल फ्ल्यूटही वाजवायचे. स्टुडिओत अरेंजरला ठाऊक असायचं की या जागेला याच माणसाचा सॅक्स लागेल. तिथे तुमचा टोन हीच तुमची भाकरी. तेव्हा कुणाला स्वतःचा टोन आवडतो की नाही याचा विचार करायला सवड नव्हती. लोक बोलवत होते, याचा अर्थ तो टोन चालत होता.

अवांतर: पावसाळ्यात रीड फुगून वाकते आणि माणूस समजतो आपला टोन गेला. रीड सपाट काचेवर ठेवून सुकवा. जून ते सप्टेंबर आपल्या टोनबद्दल कोणतेही मोठे निर्णय घेऊ नका.

हडसनकाठ

मडगावकर काका, शेवटच्या ओळीला जोरदार अनुमोदन. इथे न्यू जर्सीत उलट होतं, हिवाळ्यात हीटरमुळे रीड इतक्या कोरड्या पडतात की टोकाला लाटा येतात.

टेनर वाजवणाऱ्या सनी रॉलिन्सबद्दल लिहायचं होतं. १९५९ मध्ये तो नावाच्या शिखरावर होता आणि त्याने जाहीर वाजवणं थांबवलं. आपलं वाजवणं लोक म्हणतात तितकं चांगलं नाही, असं त्याला वाटत होतं. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला राहायचा. घरात वाजवलं तर शेजाऱ्यांना त्रास, शेजारी एक बाई गरोदर. म्हणून तो विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास वाजवायचा. खाली नदी, बाजूने धडधडत जाणाऱ्या गाड्या, त्यांच्या वर टेनर ऐकू यायला हवा. १९६१च्या अखेरीस तो परत आला आणि पुढच्या वर्षी नवी रेकॉर्ड निघाली. कित्येकांना वाटत होतं की पुलावरून हा काहीतरी पूर्ण नवं घेऊन येईल. फ्री जॅझवाल्या ऑर्नेट कोलमनने तोवर सगळं ढवळून काढलं होतं ना. रेकॉर्डवर होता तो सनी रॉलिन्सच, फक्त जास्त घट्ट, जास्त मोकळा. काही समीक्षकांची निराशा झाली. मला त्याचंच अप्रूप वाटतं. इतकी मेहनत करून माणूस स्वतःकडेच परत आला.

मुंबईकरांसाठी: साठच्या दशकाच्या शेवटी तो पुन्हा थांबला तेव्हा थेट पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता. आणि १९७८ मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा (जॅझ महोत्सव) झाली तेव्हा वाजवायलाही आला. माझे काका त्या गर्दीत होते. त्यांना जॅझमधलं काही कळत नव्हतं. ते अजून सांगतात की तो माणूस वाजवताना बोलत होता.

शिकाऊ_नाना

सगळं वाचलं. मी इथला सर्वांत नवखा. निवृत्तीनंतर टेनर घेतला. मुलांनी आधी विरोध केला, आता ऐकतात.

माझी अडचण स्पष्टवक्ता सरांच्या कसोटीत बसत नाही म्हणून लिहितो. गेल्या वर्षी वरचे पुढचे दात काढावे लागले, कवळी बसवली. त्याआधी माझा टोन मला आवडायला लागला होता. भरीव होता. कवळीनंतर माऊथपीसवर दात टेकवले की कवळी हलते. हलू नये म्हणून मी आपोआप ओठ आवळतो, मग टोन बारीक होतो. ध्वनिलहरींनी लिहिलेली हाडातली कंपनं तर मला आता जवळजवळ येतच नाहीत. मधे प्लॅस्टिक आणि हिरडी. म्हणजे बाहेर बारीक आणि आत मुका. मला ते बंद करता येत नाही आणि ते माझ्या मालकीचंही नाही. मग मी काय करायचं? सोडून द्यायचं?

गंधार_मध्यम

नाना, सोडू नका.

मी गाते, वाद्यातलं कळत नाही. पण तुमचं वाचून कुमार गंधर्व आठवले. लहान वयात ते मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवायचे. लोक थक्क व्हायचे. जगातले सगळे आवाज त्या मुलाच्या गळ्यात होते. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकून स्वतःचं गाणं घडत असतानाच क्षय झाला. कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये देवासला गेले. काही वर्षं गाणं पूर्ण बंद. एक फुप्फुस कायमचं निकामी. परत गायला लागले तेव्हा पूर्वीचा दमसास नव्हता.

त्यांचं नंतरचं गाणं ऐका. छोटे, तुटक वाटणारे स्वरसमूह, मधे सोडलेली जागा, आणि सूर लागतो तो बाण लागल्यासारखा. आजारपणामुळे असं गावं लागलं म्हणणारेही होते आणि ही त्यांनी विचाराने घडवलेली शैली आहे म्हणणारेही. मला वाटतं हा वाद सुटणार नाही आणि सुटायची गरजही नाही. देवासला खाटेवर पडून ते माळव्याची लोकगीतं ऐकत होते, बायका कुठे श्वास घेतात, कुठे ओळ तोडतात ते ऐकत होते. शरीराने जे काढून घेतलं त्याच्याभोवती त्यांनी नवीन मांडणी केली. जुना आवाज परत आणायचा हट्ट धरला असता तर आपल्याला ते गाणं मिळालं नसतं.

स्पष्टवक्ता, म्हणून तुमच्या कसोटीला माझी एक पुरवणी. जे बंद करता येत नाही ते सगळं दोष नसतं. काही गोष्टी फक्त परिस्थिती असतात.

किनारपट्टी

वर कद्री गोपालनाथांचा उल्लेख आलाय म्हणून थोडंसं. आमच्या मंगळूरकडचे. वडील नागस्वर वाजवायचे, तेच ते शिकले. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्स ऐकला आणि त्यावर कर्नाटक संगीत आणायचं ठरवलं. बटणं दाबून सूर बदलणाऱ्या वाद्यावर गमकं काढायची, म्हणजे ओठ आणि घसा दोन्ही नव्याने शिकवायचे. त्यात वर्षानुवर्षं गेली. शेवटी जो आवाज आला तो नागस्वराचा नव्हता आणि जॅझवाल्यांचाही नव्हता. १९९४ मध्ये लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात तोच आवाज वाजला, २००४ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये ते गेले. आमच्याकडच्या लग्नांत आज सॅक्स ऐकू येतो तो बराचसा त्यांच्यामुळे.

स्पष्टवक्ता_नाशिक

गंधारताई, पुरवणी मान्य. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तरुण पोरं होती.

नाना, आता तुमच्याकडे येतो. तीन गोष्टी करून बघा, एका वेळी एकच. पहिली, माऊथपीसवर जाड रबरी पॅच लावा, पातळ नको. कवळी घसरायची थांबते आणि निम्मं आवळणं तिथेच जातं. दुसरी, दंतवैद्याकडे टेनर आणि माऊथपीस घेऊन जा आणि त्यांच्या खुर्चीतच वाजवून दाखवा. कवळी चावण्यासाठी बसवलेली असते, फुंकण्यासाठी नव्हे. वाजवताना ती कुठे उचलली जाते ते त्यांना दिसलं तर काही करता येतं. तिसरी, दोन्ही ओठ आत घेऊन वाजवायची पद्धत असते, वरचे दात माऊथपीसला लागतच नाहीत. सुरुवातीला ओठ लवकर दमतो, म्हणून दिवसाला पाचसात मिनिटंच. त्याने टोन मऊ होतो. पूर्वीचा भरीवपणा तसाच्या तसा येईल असं मी सांगणार नाही. रीड मात्र अर्ध्या नंबरने हलकी करा, तीन असेल तर अडीच. सध्या तुम्ही कवळी आणि रीड दोघांशी एकदम झुंजताय.

ध्वनिलहरी

आणि नाना, हाडातला आवाज गेला याची एक चांगली बाजूही आहे. तुम्हाला आता तुमचा टोन आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त खरा ऐकू येतोय. श्रोत्याला ऐकू येतो त्याच्या जवळचा. ऐकण्याची सवय मोडली म्हणून मुका वाटतो. कोपऱ्यात भिंतींकडे तोंड करून वाजवा, कानाला काहीतरी मिळेल.

शिकाऊ_नाना

पंधरवड्याने परत आलो. पॅच लावला. दंतवैद्याकडे टेनर घेऊन गेलो होतो. तिथल्या मुली हसल्या, पण डॉक्टरबाईंनी नीट बघितलं आणि कवळीच्या मागच्या कडा थोड्या बदलून दिल्या. आता हलते, पण कमी. रीड दोन नंबरची केली, अडीच अजून जड जाते. ओठ आत घेऊन जमत नाही, सोडून दिलं.

टोन पूर्वीचा नाही. जरा धुरकट आहे. तार सप्तकात जायला घाबरतो, म्हणून मी सगळी गाणी खालच्या पट्टीत आणली. तिथे तो धुरकटपणा मला खटकत नाही. बायको म्हणाली आधी जास्त खणखणीत होतं. मुलगा म्हणाला हे बरं आहे.

रेकॉर्डिंग केलंय, फोन तीन मीटर लांब ठेवून. कुठे टाकायचं ते सांगा.

सुषिरा

नाना, इथेच टाका. खाली प्रतिसादाच्या चौकटीत ध्वनिफीत जोडायची सोय आहे. तोच तुकडा दिवाळीनंतर पुन्हा एकदा टाका, तोवर पॅच, रीड आणि माऊथपीस यांतलं काहीही बदलू नका, म्हणजे तुलना करता येईल. मीही माझा मधल्या सप्तकातला तुकडा आज रात्री टाकते, हवेसकट आणि हवेविना, दोन्ही. स्पष्टवक्ता, दोन्ही ऐकून सांगा.